दुमडलेलं टोक

प्रिय टेस्टर,

या नावानं तुला हाक मारून कितीतरी वर्षं झाली. शाळेत असताना शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी टेस्टर अडकवून फिरायचास, दिसेल त्या सॉकेटात तो खुपसून दिवा लागतो का बघायचास, म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. मोठा झाल्यावर चारचौघांत कुणी तसं म्हटलं की कानापर्यंत लाल व्हायचास, म्हणून मीही सोडून दिलं. आज पत्र लिहायला बसले आणि दुसरं कुठलंच नाव हाताला लागेना. रागावलास तर रागाव. रागाच्या भरात का होईना, एक फोन तरी करशील.

पत्र बघून तू चक्रावला असशील. मी बरी आहे. गुडघा अधूनमधून आपली हजेरी लावतो, पण दुकानात काम भरपूर आहे. लोक जाड होतात, बारीक होतात, आणि दोन्ही वेळा माझ्याकडेच येतात, त्यामुळे उसवण्या-शिवण्याच्या धंद्याला मरण नाही. शेजारच्या मावशी रोज चहाच्या वेळेला न चुकता उगवतात, मी एकटी कशी राहते म्हणून हळहळतात, आणि हळहळता हळहळता डब्यातली बिस्किटं संपवतात. रस्त्यावरचा वाकलेला खांब काढून नवा उभा केला आहे. तो नेमका आपल्या खिडकीसमोर आला, त्यामुळे बाबांच्या खाटेवरून पूर्वी जेवढं आकाश दिसायचं तेवढं आता दिसत नाही. बघायला तिथे कोणी नाही, ही गोष्ट वेगळी.

तुझ्या बायकोचा मला फोन येतो, हे तुला ठाऊक असेलच. ती तुझ्या चहाड्या करत नाही, घाबरली आहे म्हणून बोलते. तू सौरवीज बसवायचं काम सोडलंस, हत्यारांची पिशवी पलंगाखाली ढकललीस आणि कुठल्याशा गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसतोस, हे तिनेच सांगितलं. रात्री फ्रीजची घरघर थांबली की तू दचकून उठतोस, स्वयंपाकघरात जाऊन उभा राहतोस आणि ती घरघर परत सुरू झाल्याशिवाय झोपायला येत नाहीस, हेही तिनेच सांगितलं. ती म्हणाली, "तो स्वतःला शिक्षा देत बसलाय, ताई. मी काय सांगणार त्याला, मला वायरीतलं काही कळत नाही." तुझ्या हातची एक वायर सैल राहिली आणि त्यामुळे बाबा गेले, असं तू मनाशी घट्ट धरून बसला आहेस. मी आजवर त्यावर काही बोलले नाही, कारण मलाही वायरीतलं काही कळत नव्हतं, आणि ज्यातलं कळत नाही त्यात तोंड घालायचं नाही हा मी कानाला लावलेला खडा आहे.

आता थोडंफार कळतं. हसू नकोस. तू ते सौरविजेचं खोकं भिंतीवर बसवून गेलास त्यानंतर बाबांना दुसरा उद्योगच राहिला नव्हता. नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनच्या मशीनची घुरघुर आणि समोर तुझा इन्व्हर्टर. आयुष्यभर खांबांवर चढलेला लाईनमन खाटेवर पडून त्या हिरव्या दिव्याकडे असा बघायचा, जसा दुसरा कोणी टीव्हीकडे बघेल. तू फोनवर त्यांना समजवायचास, आणि फोन ठेवला की ते मला समजवायचे. मी हातशिलाई करत ऐकायचे. माझ्या डोक्यात शिरावं म्हणून सगळं शिवणकामात आणून सांगायचे. छपरावरच्या पॅनेलमधून येते ती वीज एकाच दिशेनं सरळ जाणारी, धावदोऱ्यासारखी. घराला हवी असते ती वरखाली हेलकावे घेणारी, नागमोडी. खोक्याचं काम काय, तर त्या सरळ दोऱ्याची नागमोडी शिवण करून द्यायची. बस्स, बाबा म्हणायचे, बाकी सगळा पसारा.

पण त्या पसाऱ्यातच त्यांना गोडी होती. ढग आला की पॅनेलचा जोर बदलतो. त्यातून फार ओढलं तर ते दबतं, कमी ओढलं तर ऊन वाया जातं, म्हणून खोक्यातला एक भाग दिवसभर चाचपत असतो की आत्ता, या घडीला, किती ओढावं. मी शिवताना दोऱ्याचा ताण सारखा कमीजास्त करते ना, तसं. मग त्या विजेचा दाब चढवून घ्यायचा आणि ती डब्यांसारख्या जाडजूड कपॅसिटरमध्ये साठवायची, म्हणजे पुढच्या कामाला धक्के बसत नाहीत. मग ते इलेक्ट्रॉनिक स्विच, सेकंदात हजारो वेळा उघडझाप करणारे. त्यांच्या उघडझापीतून नागमोडी आकार तयार होतो, पण खडबडीत, पायऱ्यापायऱ्यांचा. तो तांब्याच्या जाड वेटोळ्यांतून काढला की गुळगुळीत होतो. "ही तुझी इस्त्री," बाबा म्हणायचे. एवढं काम करून खोकं तापतं, म्हणून त्याच्या पाठीला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. त्यांच्यावर मी एकदा ओला रुमाल वाळत घातला तर त्यांनी केवढा आरडाओरडा केला, आणि त्या आरडाओरड्यानं त्यांनाच धाप लागली. आम्ही दोघंही नंतर हसलो.

त्यांचा सगळ्यात आवडता भाग मात्र वेगळाच होता. आत सर्किटची एक छोटी पाटी आहे, तिला ते मुनीम म्हणायचे. हा मुनीम सतत बाहेरच्या लाईनीवर कान ठेवून असतो. लाईन सेकंदाला पन्नास हेलकावे घेते तर हाही अगदी तिच्या पावलावर पाऊल टाकून पन्नासच घेणार. आणि लाईन गेली की हा क्षणात संबंध तोडतो. छपरावर कितीही ऊन असो, खोकं गप्प. लोकांना हे पटत नाही, सौरवीज बसवली तरी दिवे जातात कसे म्हणून भांडायला येतात, असं तू सांगायचास. बाबांना ते ऐकून एवढं बरं वाटलं होतं की त्यांनी मला हाक मारून आत बोलावलं. म्हणाले, "हे खोकं शहाणं आहे गं. खांबावर माणूस असेल हे त्याला माहीत आहे."

तुला ते वाक्य साधं वाटलं असेल. जिराफकाका गेले तेव्हा तू फार लहान होतास. आठवतात का तरी? बाबांचे जोडीदार, तुला खांद्यावर घेऊन छताला हात लावू द्यायचे. लाईन वरून बंद केलेली होती, कागदावर तसा शेरा होता, काका निर्धास्त चढले. खाली एका दुकानदारानं आपला जनरेटर सुरू केला आणि त्याची वीज घरच्या वायरिंगमधून उलटी लाईनीत शिरली. बाबा खाली दोर धरून उभे होते. आईनं मला हे खूप नंतर सांगितलं, तेही एकदाच. तो दुकानदार रडत रडत सगळ्यांना सांगत होता म्हणे की माझा जनरेटर वेगळा आहे, त्याचा लाईनीशी काही संबंध नाही, मला तसंच सांगितलं होतं. त्यानंतर बाबांनी जिराफकाकांचं नाव घरात कधी काढलं नाही. पण घरातली लाईन गेली की ते आधी खिडकीशी जाऊन खांबाकडे बघायचे, मग मेणबत्ती शोधायचे.

त्यांच्या बाकीच्या सवयी तर तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ असतील. मार त्याच सवयींवरून खाल्लास. हत्यार वापरलं की पुसून ठेवायचं. कोणत्याही पेटीला हात लावताना आधी उलटा हात लावायचा, म्हणजे झटका बसलाच तर बोटं आवळून चिकटत नाहीत. आणि टेप. टेप गुंडाळून झाली की तिचं टोक दुमडून त्रिकोणी शेपूट ठेवायचं, म्हणजे पुढच्या माणसाला ते नखानं उकरत बसावं लागत नाही. खांबावर हातमोजे घातलेले असतात, नख कुठून आणणार, असं त्यांचं म्हणणं. पण खांब सुटले तरी सवय सुटली नाही. माझ्या मशीनच्या वायरीवर, औषधाच्या खोक्यांवर, तुला पाठवायच्या पार्सलांवर, सगळीकडे ती दुमडलेली शेपटं. मी चिडवायचे की तुमच्या तिरडीच्या दोरीलासुद्धा तसंच शेपूट ठेवू का. आता ते आठवलं की स्वतःच्या जिभेला चिमटा काढावासा वाटतो.

तू बसवायला आलास तो दिवस परत सांगायला हवा, कारण तुझ्या डोक्यात तो एकाच बाजूनं आहे. बॅटरी बाबांनीच नको म्हटली होती. खोलीत एक मशीन घुरघुरतं तेवढं पुरे, अजून एक पेटी उशाशी नको. तू हो-नाही केलंस, शेवटी म्हणालास, बरं, मग रात्रीसाठी सिलिंडर ठेवू आणि दिवसासाठी मी वेगळा सॉकेट काढतो. खिडकीजवळ तो लाल ठिपक्याचा सॉकेट काढलास. लाईन गेली आणि बाहेर ऊन असलं, की त्याचा खटका खाली करायचा, मशीनचा प्लग त्यात लावायचा, खोकं लाईनीला न शिवता थेट उन्हावर तेवढा एक सॉकेट चालवेल. तू हे किती हौसेनं सांगत होतास. मी तुझ्याकडे बघत होते, म्हणून बाबा एकदम गप्प झाले हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मला वाटलं थकले. संध्याकाळ झाली होती, उतरलेल्या उन्हात सॉकेट चालतो का बघता येईना, तुला दुसऱ्या कामावरून सारखे फोन येत होते, आणि पुढच्या खेपेला बघू म्हणून तू निघालास. ती पुढची खेप तुझ्या गळ्यात दगडासारखी अडकली आहे, हे मला माहीत आहे.

तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी बाबांनी मला विचारलं की हा सॉकेट लाईनीपासून वेगळा आहे हे कशावरून. मी गणवेशांच्या ढिगाऱ्यात बुडालेली होते. म्हटलं, त्याला विचारा, तो सांगेल. त्यावर म्हणाले, "त्याला नको विचारायला. हौसेनं बसवलंय पोरानं." आणि विषय तिथेच राहिला. निदान मला तसं वाटलं.

वादळाच्या दिवसाबद्दल आपण दोघं कधी नीट बोललोच नाही. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. पहाटे वारा सुटला, खांब वाकला, लाईन गेली. मी सिलिंडर लावला. उजाडल्यावर वादळ पार निघून गेलं आणि असं स्वच्छ ऊन पडलं की जणू काही घडलंच नव्हतं. दवाखान्याच्या गाडीला फोन केला होता, पण झाडं आडवी पडली होती, गाडी दोन रस्त्यांपलीकडे अडकून होती आणि दर वेळी येतोच म्हणत होती. शेजारच्या मावशी बाहेर उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सिलिंडर मिळेल का विचारत होत्या. दुपारी सिलिंडरचा काटा लाल पट्टीत आला, तेव्हा मी तू सांगितलं होतंस तसा खटका खाली केला आणि मशीनचा प्लग त्या सॉकेटात लावला. काही नाही. खटका वर, खाली, परत वर, परत खाली. प्लग काढून पुसला, परत लावला. बाहेर डोळे दिपतील इतकं ऊन आणि खोक्यावर लाल दिवा.

बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांनी हात उचलला आणि नको म्हणून हलवला. बोलायला श्वास नव्हता. मी तुला फोन लावायला घेतला तर परत तसाच हात हलवला. मला वाटलं, म्हणतायत की पुरे आता, धडपड नको, जवळ बस. मी बसले. त्यांनी माझं मनगट धरलं, पण डोळे माझ्याकडे नव्हते. खिडकीतून वाकलेल्या खांबाकडे होते. तिथे शिडी लागली होती आणि एक लाईनमन वर चढत होता. पिवळं हेल्मेट, कमरेला पट्टा. बाबा त्याच्याकडे असे बघत होते, जसं एखादी आई झाडावर चढलेल्या मुलाकडे बघेल. तो माणूस वर पोचला, पट्टा अडकवून कामाला लागला. गाडी आली तेव्हा बाबा गेलेले होते. लाईन संध्याकाळी आली. कोणी काही न करता खोक्याचा दिवा हिरवा झाला, स्वयंपाकघरात बल्ब लागला, आणि मला त्या उजेडाची एवढी चीड आली की मी उठून तो बंद केला.

बाबांना पोचवून आल्यावर तू कोणाशी न बोलता खोलीत गेलास, मेन स्विच पाडलास, लाल ठिपक्याचा खटका खाली केलास आणि टेस्टर लावलास. टेस्टरचा दिवा लागला नाही. तू जमिनीवर बसलास तो मला अजून दिसतो. झाकण उघडूनसुद्धा बघितलं नाहीस. मी तेव्हाच तुला धरून गदागदा हलवायला हवं होतं, असं मावशी म्हणतात. पण माझ्याही अंगात तेव्हा काही उरलं नव्हतं. नंतर तुझा तेवढा एकच निरोप आला, ते खोकं काढून भंगारात दे. मी बरेच दिवस काही केलं नाही. मग तुझ्या बायकोचा तो फ्रीजबद्दलचा फोन आला आणि वाटलं, निदान ते भिंतीवरून गेलं तर याच्या मनावरूनही थोडं उतरेल. म्हणून तुझ्या जोडीदाराला बोलावलं, तुम्ही ज्याला चष्मेवाला म्हणता त्याला. बिचारा एका फोनवर आला. तुझं काम सध्या तोच ओढतो आहे, पण त्यानं तक्रारीचा एक शब्द काढला नाही. फक्त विचारलं, कसा आहे तो. मी म्हटलं, आहे.

त्यानं आधी लाईनीकडचा स्विच पाडला, मग छपराकडचा, आणि मग काहीच न करता खुर्चीवर बसला. मी विचारलं, आता काय? म्हणाला, आतले कपॅसिटर रिकामे होऊ देत, बंद केलं तरी पोटात धरून ठेवतात. बाबाही असंच सांगायचे. मी चहा टाकला, तो प्यायला, मग उठून त्यानं खोक्याच्या खालचं झाकण उघडलं आणि तसाच थांबला. मला हाक मारली. म्हणाला, "ताई, ही वायर आपोआप निघालेली नाही. कुणीतरी काढून नीट बंद करून ठेवलीय." लाल ठिपक्याच्या सॉकेटाकडे जाणारी वायर जिथे जोडलेली असायला हवी ती जागा रिकामी होती. रिकाम्या जागेचे दोन्ही स्क्रू परत घट्ट पिळून बसवलेले होते. वायर वाकवून बाजूला केलेली, तिच्या टोकाला जुनी पिवळी टेप गुंडाळलेली. मी चष्मा घालून जवळ गेले. आणि मग मागे वळून बाबांच्या खाटेकडे बघितलं.

मी बाजारात गेले असेन अशा एखाद्या सकाळी, नाकातली नळी काढून, धापा टाकत. दोन्ही स्विच पाडून, वाट बघून, उलटा हात लावून. मी घरात आले तेव्हा खोक्याचा दिवा हिरवाच असणार आणि बाबा खाटेवर असणार, म्हणून मला काही कळलं नाही. तुला विचारलं असतं तर तू समजावलं असतंस, पण तसं समजावलेलं त्यांनी एकदा त्या दुकानदाराच्या तोंडून, खाली दोर धरून ऐकलं होतं. आणि तुला दुखवायचं नव्हतं. तुझ्या हौसेचा सॉकेट भिंतीवर दिसायला तसाच राहू दिला आणि आतून मुका करून टाकला. त्या दुपारी ते हात हलवत होते ते मला जवळ बसवायला नव्हतंच, त्या खांबावरच्या माणसाला सांभाळायला होतं, असं आता मला वाटतं. सॉकेट मुका आहे हे ते जाणून होते, तरी मी खटका खालीवर करतेय हे त्यांना बघवलं नसेल.

चष्मेवाल्यानं ते टोक तेवढं कापलं, वायर पुन्हा सोलली, होती त्या जागी जोडली, छपराकडचा स्विच परत चढवला, लाईनीकडचा पाडलेलाच ठेवला आणि खटका खाली केला. बाबांचं ऑक्सिजनचं मशीन अजून कोपऱ्यात उभं आहे, मला ते कोणाला देववत नाही. त्याचा प्लग त्यानं त्या सॉकेटात लावला. मशीननं एकदा शिट्टी मारली आणि ते श्वास घ्यायला लागलं. रिकाम्या खोलीत, रिकाम्या खाटेशेजारी, भर उन्हात, सुरळीत. तो म्हणाला की या सॉकेटाचा लाईनीशी काडीचाही संबंध नाही, खांबावरच्या माणसाला काहीसुद्धा झालं नसतं. मी त्याला मशीन बंद करायला सांगितलं. तुझं काम चोख होतं. पहिल्या दिवसापासून चोख होतं.

तेव्हापासून मला बाबांचा राग येतो. हे कोणाला सांगता येत नाही म्हणून तुला सांगते. मावशींना सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, गेलेल्या माणसावर काय रागवायचं. मग कोणावर रागवायचं? एक प्रश्न विचारला असता तर आज बसून माझ्याशी वाद घालत असते. ते अडाणी नव्हते, हट्टीही फार नव्हते, घाबरलेले होते, आणि इतकी वर्षं घाबरलेले असूनही त्यांनी आपल्याला कळू दिलं नाही. तुझ्यावरचं ओझं उचलून मी त्यांच्यावर ठेवतेय, हेही मला कळतं. पण त्यांच्या खांद्यांना वजनाची सवय होती, तुझे नाहीत तसले. खोकं मी काढू दिलं नाही. ते भिंतीवर आहे, त्याचा दिवा हिरवा आहे, आणि तू येऊन स्वतः खटका खाली करून बघेपर्यंत तिथेच राहणार आहे.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, ताई माझी समजूत काढतेय, आणि हूं हूं करून फोन ठेवला असतास. तू लहानपणापासून असाच आहेस, स्वतः हात लावून बघितल्याशिवाय तुला काही पटत नाही. म्हणून पत्र लिहिलं, कारण पत्राला पाकीट असतं. पाकिटाच्या तळाशी कागदात गुंडाळून वायरीचा तो कापलेला तुकडा ठेवला आहे, बोटाएवढा. मी त्यावरची टेप उघडलेली नाही, चष्मेवाल्यालाही उघडू दिली नाही. ती तू उघड. नख लावावं लागणार नाही.

तुझीच,
ताई